पिशवी माझ्याच हातात

…आणि वर बायको मलाच विचारते, "अहो, ह्या काकड्या तुम्ही डोळे मिटून घेतल्यात का?" आता तुम्हीच सांगा, कडू काकडीच्या कपाळावर लिहिलेलं असतं का काही? बाहेरून कशी, हिरवीगार, टवटवीत, साळसूद! घरी आणून चिरली की मग दाखवते आपले गुण. भाजी आणणं म्हणजे खायचं काम नाही, तुम्हाला सांगतो!

त्यात सध्या मेहुणा राहायला आलेला. हिचा धाकटा भाऊ. स्वभावाने चांगला आहे हो, पण दिसेल ती भाजी नाकाला लावतो. वांगं उचललं, हुंगलं, म्हणाला, "भाऊजी, शिळं आहे." अरे, तू वांगी हुंगायला आलायस की बहिणीला भेटायला? झालं! हिने तिथल्या तिथे फर्मान काढलं, "ह्या रविवारी शेवटची संधी. पुन्हा सडकं-किडकं आलं, तर पिशवी ह्याच्याकडे!"

पिशवी ह्याच्याकडे! तुम्हाला हसू येतंय, पण निवृत्त माणसाच्या हातात उरतं काय हो? टीव्हीचा रिमोट हिच्याकडे, किल्ल्या सुनेकडे, पंखा किती जोरात लावायचा ते नात ठरवते. एवढी एक कापडी पिशवी ती माझी! रविवारची सकाळ, रस्त्याच्या कडेने लांबच लांब मांडलेली भाजी, पाणी मारलेला पालक, तो कलकलाट… मला आवडतं हो तिथं! जीव रमतो माझा. आणि तेच आता सुटणार!

तेव्हा रविवारी निघालो ते अगदी कंबर कसून. आधी नुसती एक चक्कर. काही घ्यायचं नाही, फक्त बघायचं आणि नाक मुरडायचं. आणि दिसले! एका मोठ्या छत्रीखाली एक मावशी, तिच्यापुढे भेंडी, काकड्या आणि टोमॅटो… अहाहा! लालबुंद, घट्ट, देठासकट! मी आपला चेहरा पाडला आणि विचारलं, "मावशी, हे असे का दिसतायत?" ती म्हणते, "टोमॅटो असेच दिसतात, काका." भाव विचारला, कमी करायला सांगितलं. नाही म्हणाली. मग मी काढला हुकमी डाव. "राहू दे," म्हणायचं आणि चालू लागायचं. आता हाक येते, मग येते… एक पाऊल, दुसरं पाऊल, इतकं हळू की मागून म्हातारी माणसं पुढे गेली. हाक नाही! मी गेलो कोपऱ्यापर्यंत. कुठली हाक नि काय! शेवटी आलो परत. म्हटलं, "छत्री विसरलो वाटतं इथे." ती मान वर न करता म्हणाली, "निवडा, काका."

बसलो निवडायला. एकेक टोमॅटो दाबून, फिरवून, उन्हात धरून! एवढ्यात मावशी उठली. "काका, जरा बसाल का? पलीकडे बहीण बसते, तिच्याकडून सुटे घेऊन आलेच." म्हटलं, "माझ्यावर सगळं टाकून?" तर म्हणाली, "तुम्ही कुठे जाताय? गेलात तरी परत येता, मगाशीच बघितलं की!"

आणि ते 'आलेच'! बहिणीकडे गेलेली बाई कधी आलेच म्हणून आलीय? इकडे गिऱ्हाईकं सुरू. एक बाई आल्या, भेंडीचं टोक कटकन मोडलं. माझ्या काळजात चर्र झालं हो! "बाई, मोडलीत ती घरी न्यायची!" माझ्या खिशात स्वतःच मोडलेली दोन टोकं होती, ती गोष्ट वेगळी. दुसरे एक गृहस्थ म्हणतात, "पुढे निम्म्या भावात मिळतंय." अहो, हे माझं वाक्य! मी म्हटलं, "मग इथे कशाला उन्हात उभे राहता?" घेतले मुकाट्याने! मग मला चेवच चढला. उभा राहिलो आणि दिली आरोळी, "या, याऽऽ! लाल लाल टोमॅटोऽऽ!" तराजू काय, पिशव्या काय, काय मजा येत होती म्हणून सांगू!

आणि समोर कोण? बायको. मागे मेहुणा. मला उशीर झाला म्हणून शोधायला निघालेले! मेहुण्याचा आ वासलेला. मी म्हटलं, "अगं, मी—"

"अगं काय? गिऱ्हाईकाशी असं बोलतात?" चेहऱ्यावरची रेघही हलली नाही हो तिच्या! "हे बाजूला कुणासाठी काढून ठेवलेत?"

"घ… घरच्यांसाठी."

"मग द्या, मी घरीच चाललेय. भाव?"

मी भाव सांगितला.

"कमी करा."

आता धर्मसंकट बघा! समोर बायको, पण माल मावशीचा. तिने विश्वासाने बसवलेलं. मी छातीचा कोट केला. म्हटलं, "जमणार नाही, बाई."

"राहू दे," म्हणाली आणि चालू लागली. माझाच डाव, आणि माझ्यावरच! एक पाऊल, दुसरं पाऊल… हाक ओठांपर्यंत आली होती, खोटं कशाला बोलू? पण मी आपला काकड्या पुसत बसलो. कोपऱ्यापर्यंत गेली, परत आली. म्हणाली, "छत्री विसरले." छत्री तिने आणलीच नव्हती!

पूर्ण भावाने टोमॅटो घेतले. मेहुण्याने एक उचलला, हुंगला, पुन्हा हुंगला… आणि स्वतःच पिशवीत ठेवला! मावशी आल्यावर तिचे पैसे तिच्या हातात दिले. घरी येऊन हिने टोमॅटो चिरला, मीठ लावून पहिली फोड मला दिली. "निवड चांगली आहे हो तुमची. पिशवी तुमच्याकडेच राहू दे." डोळे भरून आले माझे, तुम्हाला सांगतो.

राहिली पिशवी माझ्याकडे. फक्त आता दर रविवारी ही बरोबर येते. आणि मी भाव करायला नुसतं तोंड उघडायचा अवकाश, मला कोपराने ढोसून पुढे होते, "मावशी, ह्यांना अज्जिबात कमी करू नका हं! ह्यांनी मला केलं नव्हतं!"

भाजी आणणं म्हणजे… जाऊ दे. निवडतो आपला गुपचूप.