तो आवाज आता निघत नाही

अहो बसा ना गजेंद्रराव, उभ्याउभ्या काय — पण आधीच सांगते, तो आवाज समर आता काढत नाही. बंद केलाय. तुम्ही टीव्हीवर बघितलात, सगळ्या बडोद्यानं बघितला, आणि तुम्हाला वाटलं, सुभानपुऱ्यात आपलं फ्रिज-टीव्हीचं दुकान उघडतंय, तर उद्घाटनाला दांडिया बाजारातला तो मुलगा बोलवावा, माइकवर आवाज काढेल, गर्दी जमेल — चुकीचं नाही तुमचं, तुमच्याआधी चष्म्याचा दुकानदार येऊन गेला, एक दातांचा डॉक्टरसुद्धा आला होता — आता दातांच्या डॉक्टरला कशाला हवा तसला आवाज, आलेले पेशंट पळतील — पण माझा मुलगा गाणारा आहे हो. गवई. हे सांगितलं की माणसं हसतात. तुम्हीही आत्ता हसलात. राहू द्या, चहा ठेवलाय, घेऊनच जा.

आमच्यात गाणं कुठून आलं म्हणता? कुठूनच नाही. यांचे आजोबा गायकवाडांच्या तोफखान्यात, त्यामुळे या घरात कुणी हळू बोलतच नाही, मीठ मागितलं तरी शेजारची नयनाबेन देऊन जाते. हे रिफायनरीतून रिटायर झाले, गुरुवारी दत्ताच्या देवळात भजनाला झांज वाजवतात, तेवढंच. पण समर लहानपणापासून गातो. बी.कॉम. झाला, फतेगंजला स्कूटरच्या शोरूममध्ये लागला, आणि कुठे माइक दिसला की हा पुढे. बँकेच्या एटीएमचं उद्घाटन होतं, तिथे गायला — मशीन बंद पडलं, तो भाग वेगळा. रक्तदान शिबिरात गायला, तिथे सगळे सुया लावून आडवे, कोण उठून जाणार? आणि नयनाबेनच्या सासऱ्यांचं बेसणं झालं तेव्हा — बेसणं म्हणजे काय, पांढरे कपडे घालायचे, गप्प बसायचं, हात जोडायचे नि निघायचं — तिथे समरनं भजन म्हटलं आणि लोक निघेनातच. मागून कुणीतरी म्हणालं, वन्स मोअर! गेलेल्या माणसाच्या फोटोसमोर! नयनाबेनच्या नवऱ्याला पाण्याचा ट्रे पुन्हा फिरवावा लागला. हे इतके चिडले — मेलेल्या माणसाच्या घरी टाळ्या घेतोस? — आणि नयनाबेनची सासू रडत रडत सांगते, "दीकरा, हजी एक." अजून एक हवं तिला! म्हणजे गळा आहे की नाही? तुम्हीच सांगा. नसता तर त्या बाईनं मागितलं असतं का?

मग ती टीव्हीची स्पर्धा आली. ऑडिशन अहमदाबादला. पहाटेच्या गाडीनं गेला, छातीवर नंबरचा कागद, उन्हात रांग, रांगेत सगळी पोरं एकच गाणं घोळवतायत, हा मात्र गप्प, गळा राखून. गळ्याला म्हणून दाढेत लवंग धरली होती. आत गेला, गायला लागला — चांगला गात होता, तो स्वतः सांगतो आणि तो खोटं बोलत नाही — आणि वरचा सूर घ्यायला तोंड उघडलं तशी ती लवंग सुटली नि घशात गेली. झालं! जो आवाज निघाला — आता मी कसा सांगू — कुकरची शिटी अर्धी येऊन अडकावी आणि मागून बंद पडलेल्या स्कूटरला कुणी किक मारावी. घ्घर्र-कुईं! परीक्षक खुर्चीवरून खाली घसरले. एकाला पाणी द्यावं लागलं. पाणी खरं तर समरला द्यायला हवं होतं, तो तिथे निळा पडला होता.

आठवडाभर जाहिरातीत तेच. बातम्या संपल्या की घ्घर्र-कुईं, मालिका सुरू व्हायच्या आधी घ्घर्र-कुईं. भाजी आणायला गेला की पोरं ओरडायची, "ए भाई, पेलो अवाज काढ ने!" शोरूममध्ये गिऱ्हाइकं स्कूटर बघायची सोडून याला बघायला. एकदा मालकानंच आग्रह केला, काढ रे एकदा साहेबांसाठी, यानं काढला, तर मागच्या वर्कशॉपमधून मिस्त्री ओरडला, "चोक खेच, चोक!" हसू नका हो. त्याच दिवशी त्यानं नोकरी सोडली. म्हणजे — मध्ये एक स्थळ आलं होतं संयोगिता नावाच्या मुलीचं, चांगली घरंदाज माणसं, त्यांना आम्ही तो अजून शोरूममध्येच आहे असं सांगितलंय, तुम्ही कुठे बोलू नका. तसंही त्यांचा पुन्हा फोन आलेला नाही.

तर काय सांगत होते — हां, आकांक्षा. त्या टीव्हीवाल्यांकडे कामाला असलेली मुलगी, फार गोड बोलायची. तिचा फोन आला, समर, जयपूरच्या ऑडिशनला ये, तुला दुसरा चान्स. हा उडालाच! गेला, तर तिथे त्याला फेटा बांधला, गळ्यात माळ, सांगितलं, तू आता भँवरलाल, राजस्थानचा, आणि तोच आवाज काढ. हा म्हणाला, मी गायला आलोय. ती म्हणाली, हे केलंस तर फायनलला मुंबईत तुला पूर्ण गाणं देऊ. पूर्ण! या एका शब्दावर तो भँवरलाल झाला हो. मग इंदूरला मिशी लावून आणखी कोण झाला. आम्हाला काहीच बोलला नाही. मी टीव्हीसमोर भेंडी चिरत बसले होते, भँवरलाल आला, आणि मी बघते तर कान! यांच्या घराण्याचे कान, फेट्यात मावत नाहीत. मी म्हटलं, समर, हा तूच. म्हणतो, मी नाही. अरे, मी जन्माला घातलेले कान, मला ओळखू येणार नाहीत? यांचं मात्र तेव्हापासून त्याच्याशी बोलणंच बंद. जेवायला बसले तरी मला सांगायचे, त्याला म्हणावं, आमटी सरकव. आणि तो अगदी शेजारी बसलेला!

आणि हा बसला रियाझाला. फायनलचं गाणं. सकाळ नाही, दुपार नाही. नयनाबेननं भिंतीवर ठोकणं सोडून दिलं आणि ठेक्यात ठोकायला लागली, इतकं ते गाणं आमच्या जिन्यात मुरलं. मुंबईला निघाला तेव्हा यांच्या पाया पडला, यांनी पाय मागे घेतले नाहीत. तेवढंच.

तिथे काय झालं ते त्यानं मला तिथूनच फोनवर सांगितलं. मोठं स्टेज, लाईट, हजारो माणसं. आकांक्षा कानाशी येऊन म्हणाली, आधी आवाज, गाण्याचं नंतर बघू. त्याला कळलं, नंतर काही नाहीये. वाजवणाऱ्यांना तर सांगितलंच नव्हतं की हा गाणार आहे, त्यांच्याकडे ना सूर ना काही. मग यानं डोळे मिटले आणि आपलं आपण गायला सुरुवात केली. एकटा. वाद्य नाही, काही नाही. आणि मग म्हणाला, "आई, तबलेवाल्यानं ठेका धरला गं. कुणी सांगितलं नव्हतं, त्यानं आपणहून धरला." लोक गप्प. हसायला आलेले लोक गप्प! एका परीक्षकानं चष्मा काढून डोळे पुसले. गाणं संपल्यावर कार्यक्रमाचा डायरेक्टर म्हणाला, छान, आता तो आवाज काढ. हा म्हणाला, निघत नाही.

ती फायनल टीव्हीवर लागणार, त्या दिवशी मी अख्ख्या गल्लीला बोलावलं. नयनाबेन खमण घेऊन आली, सतरंज्या घातल्या, जिन्यापर्यंत माणसं. समर कोपऱ्यात, नवा शर्ट घालून. आला टीव्हीवर! उभा राहिला, डोळे मिटले, तोंड उघडलं — घ्घर्र-कुईं. अहो, त्यांनी त्याचं गाणं काढून टाकलं आणि तोच जुना आवाज त्याच्या तोंडावर चिकटवला! ओठ गातायत, हात सुरावर जातोय, आणि आवाज लवंगेचा. तो परीक्षक डोळे पुसतोय, तर वाटावं हसूनच पुसतोय. आणि खोली — खोली हसली हो. नयनाबेन हसली, हातातलं खमण सांडलं. समर बशी घेऊन तसाच बसलेला. हसत होता तोसुद्धा, थोडा थोडा, म्हणजे माणसांना बरं वाटावं म्हणून.

तेव्हा हे उठले. मला वाटलं, टीव्ही फोडतात. तर यांनी नुसता आवाज बंद केला. पूर्ण बंद. आणि टीव्हीच्या बाजूला उभे राहून, शाळेत नकाशा दाखवतात ना तसं बोट ठेवून म्हणतात — "हा मागे तबलेवाला बघा. त्याचा हात बघा. आता पोराची मान बघा. बघा — सम. दोघं एकदम आले. परत बघा — सम." आणि आम्ही सगळे, वीस-पंचवीस माणसं, मुकं गाणं बघत बसलो. संपल्यावर हे म्हणाले, "सुरात आहे पोरगा," आणि स्वतःच त्याला म्हणाले, "समर, खमण खा."

पुढच्या गुरुवारी हाताला धरून देवळात घेऊन गेले. बातमी फुटली, देऊळ भरलं, चपलांना जागा नाही. समरनं अभंग घेतला. लोक वाट बघतायत. दुसरा घेतला. मागून एक म्हातारा ओरडला, "मुद्द्याचं घे!" मग हळूहळू उठायला लागले, फसवलं म्हणून कुरकुरत — एकानं तर प्रसाद परत ठेवला. उरले ते नेहमीचे भजनी, आणि एक म्हाताऱ्या रखमाबाई. त्यांच्या घरी टीव्ही नाही, त्यांना यातलं काही ठाऊकच नाही. समरच्या तोंडावरून हात फिरवून म्हणतात, "गोड गातोस रे. कुणाचा तू?" त्याला इतका आनंद झाला, गजेंद्रराव, की तो घरी चालत आला नाही, धावत आला. आता दर गुरुवारी गातो. दहा माणसं, बारा माणसं. सुखात आहे.

आता दहाच माणसं म्हणजे... तुमच्या उद्घाटनाला किती येतील? — इतकी? आणि माइक भाड्याचा की तुमच्या दुकानातलाच, चांगला? — नाही, मी सहज विचारते. समजा — समजा हं — फीत कापताना त्यानं एकदा काढला तो आवाज, एकदाच, आणि मग लगेच एक पूर्ण गाणं. दोन्ही अंतऱ्यांसकट, आणि तोवर आईस्क्रीम वाटायचं नाही, वाटलं की माणसं उठतात. मी घालते त्याची समजूत. ऐकतो माझं. एटीएमच्या वेळी बँकेच्या मॅनेजरशी मीच बोलले होते, बेसण्याच्या दिवशीही मीच नयनाबेनच्या कानात सांगितलं, तो तर नकोच म्हणत होता — आईनं नाही बोलायचं तर कुणी बोलायचं? तबलेवाला तेवढा तुम्ही बघा. बरा बघा, आणि त्याला आधी सांगून ठेवा.

काय? गाणं कशाला म्हणजे? ... दोन ओळी? ... आवाज चार-पाच वेळा, आणि मग दोन ओळी, त्यापण तुमच्या फ्रिजच्या नावाच्या?

...

चहा राहू द्या, निवलाय. नाही, आता काही बोलू नका. जिन्यात अंधार आहे, भिंत धरून उतरा. आणि खाली समर भेटला, तर मी माणसं किती येणार विचारलं होतं, ते त्याला सांगू नका.