नाव नंतर कळवू

नाही, तुम्हीच सांगा, जुन्या साड्या घेणारी बोहारीण तरी काय करते? आधी पातेलं दारात मांडते, मग साडीला हात लावते. आपण म्हणतो पातेलं पातळ आहे, ती म्हणते साडी विरलीये, चालतं तासभर… पण पातेलं डोळ्यांसमोर असतं ना? आणि इथे, एवढ्या मोठ्या अमेरिकेत, माझा चांगला सहा फुटी नातू उचलून टेक्सासला दिला, आणि बदल्यात कोण? तर म्हणे, नाव नंतर कळवू.

कुश हो, माझ्या मीनाक्षीचा मुलगा. बेसबॉलमध्ये पिचर आहे, म्हणजे चेंडू टाकतो. चौतिशी आली तरी या टीमकडून त्या टीमकडे चाललंय. एकदा टोपीवर बदक, एकदा खेकडा, एका टोपीवर तर चक्क मेदूवडा होता… मीनाक्षी म्हणते डोनट आहे, असेल बाई. त्या टोपीत मी लसूण ठेवते.

यंदा बदकवाल्यांकडे होता, ओहायोत. आता टिकला म्हणून तिथल्याच डब्लिन गावात घर घेतलं, बायकोनं, शिवांगीनं, तिथेच नोकरी धरली, आणि हा स्टुलावर चढून पडदे लावत होता तेवढ्यात फोन. तुला ट्रेड केलंय, उद्या टेक्सासला हजर हो. ट्रेड म्हणजे अदलाबदल. बदल्यात कोण? नाव नंतर कळवू. हा म्हणाला "ओके सर" आणि उतरला खाली. ओके सर! अरे, निदान पडदा तरी लावून उतर…

तर टेक्सासात प्लेनोला एक खोली घेऊन राहिला एकटाच. मला फोनवर म्हणाला, "आजी, मी डिसाइड केलंय. माझ्या बदल्यात माझ्या तोडीचा कुणी दिला, तर अजून खेळेन. फालतू कुणी दिला, तर सोडून देईन. माझी व्हॅल्यू काय ते कळेल तरी." आवाज इतका बारीक झाला होता पोराचा… मग रोज विचारायची मी, ठरलं का रे? रोज तेच. नाव नंतर कळवू.

आता पोरगं असं तोंड पाडून बसलेलं, त्याला हसवायला नको? शेजारच्या मोहनचा फोन घेतला, तोंडावर पदर धरला आणि घोगऱ्या आवाजात म्हटलं, "हॅलो कुश. नेम फायनल. मिस्टर मोरेश्वर." तर बिचारा विचारतो, "लेफ्टी आहे का?" म्हणजे डावखुरा का. मी म्हटलं, "नो. व्हेजिटेरियन." तेव्हा ओळखलं त्यानं. हसला मात्र पोटभर, टेक्सासला गेल्यापासून पहिल्यांदा.

आणि पुढच्याच आठवड्यात खरा फोन आला. टेक्सासचा मॅनेजर, नंबर अनोळखी, आवाज घोगरा. म्हणाला, कुश, तुझ्या बदल्यात ओहायोला जो माणूस द्यायचा होता त्याचं नाव ठरलं, आणि तो तूच आहेस. कुश म्हणाला, "आजी, पुरे आता," आणि ठेवला फोन. पुन्हा वाजला, पुन्हा ठेवला. शेवटी मॅनेजर बिचारा काकुळतीला येऊन विचारतो, "हू इज आजी?"

खरंच हो, थट्टा नाही. कुशच्या बदल्यात कुश. नियमात बसतं म्हणे! असला कसला नियम? नेली साडी, दोन महिने नेसली, आणि तीच आणून आपल्या हातात ठेवली, वर म्हणायचं हिशेब फिटला? आमच्या आळीत असं केलं असतं ना कुणी, तर बायकांनी जिन्यावरून खाली येऊ दिलं नसतं तिला!

मी त्याला म्हटलं, बस झालं बाबा, सोड आता. तर म्हणतो कसा, "आजी, अट मीच घातली होती ना? माझ्या तोडीचा दिला तर खेळणार. मग माझ्याइतका माझ्या तोडीचा दुसरा कोण आहे?" आणि गेला बॅग उचलून.

परवा इथे ओक ट्री रोडवर, आपल्या देशी दुकानात, मेथी निवडून घेत होते, तर एक ओळखीच्या बाई विचारतात, नातू काय करतो हल्ली? म्हटलं, नोकरी आहे हो… स्वतःच्याच जागेवर बदली लागलाय.