लक्ष्या जिन्यात आहे

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष देवजीभाऊ, व्यासपीठावरचे मान्यवर, सत्कारमूर्ती डॉक्टरसाहेब आणि जेवणाच्या वासाने चुळबुळणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी कविता, उधव्याची आशा सेविका. साहेबांच्या गुणांविषयी दोन शब्द बोल, असं मला सांगितलंय. मी नजरेविषयी बोलते. काय ती नजर! अपंगत्वाच्या दाखल्याचा निकाल साहेब नुसतं बघूनच लावायचे. उगाच तपासणीच्या यंत्राला त्रास कशाला?

आमच्या पाड्यावरच्या लक्ष्याचंच घ्या. हद्दीपलीकडे, गुजरातेत, दगड दळायच्या कारखान्यात त्याचं तरुणपण गेलं. ती भुकटी छातीत जाऊन बसली. आता हंडा उचलला तरी धाप लागते. दाखला मिळाला तर पेन्शन, पेन्शन मिळाली तर औषध. त्याची बायको रूपी त्या दाखल्याकडेच डोळे लावून बसलीय.

पण आमच्या माणसांना वळण फार! साहेबांपुढे धापा टाकणं शोभतं का? म्हणून तपासणीच्या दिवशी लक्ष्या पहिल्या एसटीने आला, दम परत येईपर्यंत दवाखान्याच्या जिन्याखाली बसला. मग थांबत थांबत चढला, दाराबाहेर पुन्हा टेकला आणि धुतलेला शर्ट नीट करून ताठ आत गेला. साहेबांनी विचारलं, कसा आहेस? मोठ्या माणसापुढे दुखण्याचं रडगाणं गायचं नाही, ही आमची रीत. तो म्हणाला, "बेस हाय, सायेब."

झालं! अपंगत्व शून्य टक्के. एवढं झटपट निदान मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनाही जमायचं नाही.

मी खरं काय ते सांगायला गेले, तर साहेब म्हणाले, "ताई, माझ्यासमोर चालत आला तो. मी डोळ्यांनी पाहिलं ते खोटं?" कसं खोटं म्हणणार? फेरतपासणीचा अर्ज दिला. तो साहेबांच्या टेबलावर निवांत पडून आहे, त्याला कुठे धाप लागतेय! मला राग आला होता, साहेब. अजून आहे.

असो. आज संध्याकाळपर्यंत सही तुमचीच चालते. लक्ष्याही तुमच्या निरोपाला आलाय. साहेब जाणार म्हटल्यावर न येऊन कसं चालेल, म्हणाला. हॉल वरच्या मजल्यावर, त्यामुळे तो अजून जिन्यातच आहे. रूपी त्याची पाठ चोळतेय.

मला बोलू दिलंत, आयोजक मंडळाचे आभार. कमीजास्त बोलले असेन तर पदरात घ्या. आणि साहेब, हार नंतर घालून घ्या. आधी जिन्यात चला, त्याचा दम परत यायच्या आत.