चहा निर्दोष सुटला

दवाखान्याच्या बाकावर प्लंबर आपल्या नंबरची वाट बघत होता. तेवढ्यात शेजारी बसलेल्या आजींचे यजमान तपासणी आटोपून नवरदेवाच्या तोऱ्यात बाहेर आले.

“ऐकलंस का? चहाचा काही दोष नाही. मूत्राशयाला रक्तच कमी पोचतंय, म्हणून ते सारखं कुरकुरतं आणि मला लघवीला पळवतं.”

“म्हणजे दोन वर्षं मी तुमचा चहा तोडला, तो उगाचच?”

“माफ केलं. रक्तवाहिन्या आतून चोंदल्यात. रोज चाललो तर फरक पडेल म्हणाले. मग लेकीकडे बसनं जाऊ. नात अजून फोटोतच बघतोय मी.”

चोंदल्याचं ऐकून प्लंबरनं कान टवकारले.

“चोंदल्या कशानं?” त्यानं मधेच विचारलं.

“वयानं.”

“आणि?”

“सिगारेटनं. सोडायला सांगितलीय.”

“आणा ते पाकीट.” आजींनी हात पुढे केला.

“घे.”

“चष्म्याच्या डबीतल्या दोनही.”

“घे त्याही. आणि लेकीला कळव, चहा टाकून ठेव म्हणावं.”