दोनाचे चार साचे

मी लिहायला बसणं हे जरा धाडसच आहे. घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि लिहिण्याची सवय परीक्षेपुरती. चुका असतील त्या माझ्या समजाव्यात. पुढचं बोलणं शेजारच्या दामूकाकांचं आहे. ते कापडाच्या मिलीत विणकर आहेत.

आमचे वडील बऱ्हाणपूरकडचे, मिलीसाठी इंदूरला आले, मग मीही मिलीतच, दुसरं कुठे जाणार. राजाचं राज्य जाऊन मध्यभारत प्रांत झाला तेव्हा माझ्याकडे दोन साचे होते, साचे म्हणजे कापड विणायची मशीनं रे, आणि बाजूच्या दोनांवर गंगाराम. खात्यात इतका आवाज की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून आम्ही ओठांनी आणि हातांनी बोलायचो. मी पेला धरल्यासारखा हात केला की तो ओठ हलवायचा, जा, चहा पिऊन ये, तुझे साचे मी बघतो. मास्तरची, म्हणजे खात्यावरच्या साहेबाची, नक्कल तर अशी करायचा, मास्तर मागे उभा असला तरी करायचा.

मग हुकूम आला, एकेकाने चार साचे बघायचे. काय सांगू तुला, चारांत मान वर करायला फुरसत नाही, मतलब बोलणंच बंद. बाजूला माणूस आहे, पण त्याचं तोंड दिसत नाही. गंगारामची झोप गेली, भाकरी अर्धीच खायचा. त्याची बायको म्हणायची, भाऊजी, हे घरीसुद्धा नुसते ओठ हलवतात. हसत सांगायची.

एक दिवस त्याने चारही साचे बंद केले आणि खाली बसला. मी ओठांनी विचारलं, काय झालं, तर तोंड फिरवलं. त्याचा भाऊ त्याला गावी घेऊन गेला. मी मास्तरला म्हटलं, साहेब, त्याची जागा ठेवा, येईल तो. मास्तर म्हणाला, दामू, साचा थांबतो का कुणासाठी. आणि त्याच्या साच्यांवर बदलीवाला लावला.

इकडे कापडात तुटके धागे, व्यापारी तागे परत पाठवायचे, मालक मास्तरवर चिडायचा, मास्तर आमच्यावर. दिवाळीनंतर मिलीने चुपचाप पुन्हा दोन साचे केले. मास्तर स्वतः म्हणाला, बोलाव तुझ्या गंगारामला. मी निरोपावर निरोप धाडले, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, थकलो सांगून.

काल बड्या गणपतीच्या देवळापाशी त्याचा भाऊ भेटला. मी म्हटलं, अरे भिया, गंगाराम बरा आहे ना. तो म्हणाला, बरा आहे दामूभिया, पण पोरंबाळं आहेत, किती दिवस बसून राहणार, उज्जैनच्या मिलीत लागला, चार साच्यांवर.