उजव्या हाताले दांडा

मी मूळची पहूरची, नाव शकुंतला, लग्न करून असोद्याले आली त्याले पस्तीस वर्षं झाले, आनि पहिलेच सांगून ठेवते ताई, मी रागीट बाई आहे. माहेरीबी अशीच व्हती, बाप म्हने ही पोरगी राग नाकावर घेऊनच जन्माले आली. तं तुम्ही लिहून घेऊ राह्यल्या ते रागासकट लिहा, मंग घरी जाऊन गोड करू नका.

आमचे हे एसटीवर ड्रायव्हर व्हते, बठ्ठं गाव त्यायले नाना म्हनते, मीबी लोकाईसमोर नानाच म्हनते. तीस वर्षं जळगाव-धुळे मारली, जळगाव-बोदवड मारली, कुत्रं नाही आलं कधी चाकाखाली. रिटायर झाले आनि ही लहान गाडी घेतली, जुनीच, पांढरी. म्हने जन्मभर लोकाईले बसवलं, आता तुले बसवतो. दीड वर्षं बसवलं त्यायनं, खोटं काहून बोलू, शेगाव झालं, मुक्ताई झाली, माझ्या भावाच्या घरी तं दर पंधरा दिवसाले. मंग एक दिवस सकाळी चहा पेता पेता बशी डाव्या हातातून खाली पडली. मी म्हनलं नीट धरा ना. तं तोंड वाकडं. लकवा मारला व्हता, डावा हात आनि डावा पाय.

डॉक्टर म्हने जीव वाचला, पन आता रोज जळगावले व्यायामाले आना, एक दिवसाचा नागा पडू देऊ नका, नाही तं हाताची मूठ आवळून जाईन आनि मंग उघडनार नाही. रोज आननार कोन? पोरगा प्रशांत पुन्याले कंपनीत. रिक्षावाले म्हनत काकू, नाना चढतीन कसे. तं मंग बावन्नाव्या वर्षी गाडी मी शिकली, जिनं माहेरी सायकलले हात नव्हता लावला. हे बाजूले बसून शिकवत, शिकवत म्हनजे बोलत. अगं क्लच सोड, सोड ना, म्हैस धरली का पायात. मीबी ऐकून घेत नव्हती, म्हनलं जास्त बोलसान तं उतरवून देईन फाट्यावर.

पन चालवनं सोपं व्हतं ताई, त्यायले आत बसवनं अवघड व्हतं. काय सांगू तुमाले. सीट इतकी खाली का मानूस बसत नाही, पडते. दरवाजा अर्धाच उघडे आनि आपसूक परत येऊन पायावर बसे. धराले कुठी जागा नाही. आनि सीटचं ते कापड असं खरबरीत का पायजमा त्याले धरून बसे, अंग फिरतच नाही. मी पुढून ढकलू, शेजारचा मागून काखेत हात घालून ओढे. हे ओठ चावत. आठ दिवस झाले आनि म्हने उद्यापासून कोनाले बलाऊ नको. मी माझ्या हातानं बसीन, नाही तं जानार नाही.

तं मी गेली फाट्यावर, युनूसभाऊकडे. तो खिडक्याचे ग्रील बनवते, गाडीचं काम त्यानं कधी केलं नव्हतं. पन तो मानूस पाहा, त्यानं पहिले काहीच नाही केलं. आमच्या अंगनात येऊन बसला आनि म्हने नाना, तुम्ही फक्त बसाचं करा, मी पाहतो. हे पाठमोरे झाले, उजवा हात काहीतरी धराले पुढे गेला, का यानं तठी खडूची खून केली. जठी हात गेला तठी दांडा, पुढच्या काचेच्या बाजूले, आरपार बोल्ट मारून, एसटीत उभ्या मानसाले धराले असते ना तसा. दरवाजाची अडकवन कापून टाकली, मंग तो सताड उघडे. सीटवर मी फळी टाकली, फळीवर घरच्या कापसाची गादी, आनि गादीवर खताची प्लास्टिकची गोनी. हसू नका, गोनीवरून अंग सरकते. बसाचं, दांडा धराचा, आनि फिरायचं. पायाले पाट, त्या पाटाले दोरी, म्हनजे बसल्यावर आतून वढून घेता येते. लघवीच्या बाटलीले कडी बनवली. मले पुढचं दिसत नव्हतं तं माझ्या बुडाखाली लोड टाकला. दिसाले गाडी बेकार दिसे, मी नाही कुठी म्हनते. पन पहिल्या दिवशी हे एकटे बसले. मोप वेळ लागला, घाम आला, पन बसले, आनि समोर पाहून म्हने, घंटी मार. त्या दिवशी मी रडत रडत जळगावपर्यंत गाडी चालवली.

आता रागाचं सांगते.

श्रावनात आमच्याकडे कानबाई बसते. तुम्ही इकडच्या नाही, म्हनून सांगते, कानबाई म्हनजे बठ्ठे भाऊबंद एका घरी जमतात, नैवेद्याचे रोट व्हतात, दुसऱ्या दिवशी वाजत गाजत देवीले नदीवर नेतात. पन त्याच्या आधी घर रंगवाचं, भांडं न् भांडं घासाचं, जुनंपानं बाहेर काढाचं, घरात मळकं काही ठेवाचं नाही. यंदा आमच्या घरी व्हती. प्रशांत दोन दिवस आधी आला. मी रोटाच्या गव्हात, वर पाहाले फुरसत नाही. देवी बसाच्या दिवशी सकाळी तो म्हने आई, गाडी धुऊन आणतो. मी म्हनलं आन बाबा, गुनाचा माझा.

सांजेले गाडी आली ती चमकत आली. मी वट्ट्यावरूनच पाहिली, पिठाचे हात, म्हनलं वा. दरवाजा उघडून पाहिला नाही, ही माझी चूक, ती मी माझ्याकडेच ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कानबाई निघाली. बाया पुढे, डोक्यावर देवी, वाजंत्री, भाऊबंदाच्या मोठाल्या गाड्या गल्लीत उभ्या. नाना मागून आमच्या गाडीत येनार व्हते. नवा पायजमा, टोपी, काठी टेकत टेकत आले, सगळे पाहू राह्यले का नाना किती सुधारले. पाठमोरे झाले. सवयीनं उजवा हात टाकला.

दांडा नव्हता. हात हवेत गेला आनि हे दरवाजाच्या उंबऱ्यावर आपटले, तठून खाली मातीत. टोपी एकीकडे, काठी एकीकडे. मी धावली, तं माझ्या आधी धुळ्याचे भाचेजावई धावले, वरडले, अरे बठ्ठा मिळीसन उचला नानाले. चौघाईनं हातपाय धरून उचललं आनि कापसाच्या गाठोड्यावानी आत टाकलं. आत पाहते तं फळी नाही, गोनी नाही, पाट नाही, नवं कोरं सीट कव्हर, दरवाजाले नवी अडकवन, बोल्टच्या छेदाईत लांबी म्हनजे पुट्टी भरून रंग मारलेला. ह्यायचा पायजमा वल्ला झाला व्हता. समोर वाजंत्री वाजू राह्यली, आनि ज्यानं तीस वर्षं बस चालवली तो मानूस डोळे मिटून बसलेला.

मी तठीच बोलली असती ताई. देवीले नदीवर नेऊ राह्यलो व्हतो, म्हनून दात आवळले. घरी आल्यावर मंग नाही आवळले. प्रशांत म्हने आई, तुला सरप्राईज द्यायचं होतं, भाऊबंद हसतात, गाडीचा टेम्पो केला म्हणतात, मला वाटलं नवी करून दिली तर तुम्हाला बरं वाटेल. मी म्हनलं सामान कुठी आहे? म्हने भंगारात दिलं. मी म्हनलं चालता व्हय, तुह्यं तोंड दिसू देऊ नको. गेला पुन्याले.

हे ओसरीतल्या खाटेवर पडले ते पडले. व्यायामाले चला, नाही. मी नवा दांडा बसवून घेते, नाही. भिंतीकडे तोंड. अकरा दिवस. बोटं पाहता पाहता आत वळाले लागली. बाराव्या दिवशी मी पोराले फोन केला, म्हनलं आजच्या आज निघ.

दुसऱ्या दिवशी सकाळी आला तसा त्याले मी अंगनात उभा केला. त्याचा डावा हात कमरेले बांधला नानाच्या टावेलनं, घट्ट. डाव्या पायाले गुडघ्याच्या वर-खाली लाटनं बांधलं, वाकू नाही म्हनून. म्हनलं बस. तुह्या नव्या गाडीत बस. तो म्हने आई, लोक बघताहेत. मी म्हनलं पाहू दे, त्यायले तुनं गाडी दाखवली ना, आता बसूनबी दाखव. एकदा गेला, दरवाजा पायावर आला. दुसऱ्यांदा गेला, सीटवर अर्धा अडकला. तिसऱ्यांदा डोकं आपटून मातीत बसला, आनि उठलाच नाही. कोनी हसलं नाही. तो म्हने, आई, बाबा हे रोज करायचे? मी म्हनलं रोज.

मंग तोच गेला आनि युनूसभाऊले घेऊन आला. पन दांडा लावाचा कुठी? छेद बुजलेले, वरून रंग, खून कशाचीच नाही. युनूसभाऊ म्हने इथं असीन. मी म्हनलं नाही, इथं. प्रशांत ड्रिल धरून उभा. तेवढ्यात खाटेवरून आवाज, अरे गाढवाहो, खाली! चार बोटं खाली! अकरा-बारा दिवसात पहिला आवाज, आनि तोबी शिवीसकट. मी वळली नाही, म्हनलं आम्हाले नाही समजत, ज्याचा हात त्यानं दाखवा. आनि मागून काठीचा आवाज आला. आले, पाठमोरे झाले, हात हवेत धरला आनि तसाच ठेवला, जोपर्यंत युनूसभाऊनं खून नाही केली.

आता रोज जातो. ते अकरा दिवस मात्र वापस आले नाही, दोन बोटं अजूनबी उघडत नाही, व्यायामवाला म्हने आता नाही उघडनार. पोराले माफ केलं का विचारता? अर्धं केलं. दर महिन्याले येते, बोल्ट पाहून जाते. पन माझा राग खरा पोरावर नाहीच. ज्यानं ही गाडी बनवली, तो कोन असीन, कुठी असीन, त्याले मी शाप नाही देत, कानबाई साक्षी आहे. त्याले शंभर वर्षं आयुष्य लाभो. हातपाय थकेपर्यंत जगो तो बाबा, आनि रोज सकाळी, कोनाचा हात न धरता, त्यानं बनवलेल्या याच गाडीत त्याले बसाचं येवो.