देव आडवा चालतो

पेनबुई : तुयामावशी, औषध मी भोयांच्या खांद्यांसाठी मागितलं होतं.

तुया : दुखतायत का कुणाचे?

पेनबुई : आपल्याला खांदे आहेत हेच आठांतल्या एकालाही आठवेना. देवाची पालखी भर रस्त्यात उभी, आणि पुढचे दोघे एका गाढवाची माफी मागतायत.

तुया : गाढव काय म्हणालं?

पेनबुई : विचार करतंय. मावशी, या हुनरोनं सगळ्या गावादेखत देवाला कौल लावलाय. आईचं घर हिचं की हिच्या भावाचं, काहाचं? देव पुढे आला तर हिचं, मागे सरला तर काहाचं.

हुनरो : आईचं सगळं मी केलं, घरही तिनं मलाच दिलं. पण आठही भोई काहाचे मेहुणे. देव मागेच सरणार हे त्या गाढवालाही ठाऊक होतं.

पेनबुई : हुनरो, देव आपल्या मनानं चालतो. भोई नुसते खाली असतात.

तुया : मग ते प्याले म्हणून तुझा पुजारीपणा का घाबरला?

पेनबुई : दारूत निळी कमळं किती घातलीस?

तुया : दोन.

पेनबुई : घड्याला?

तुया : खांद्याला. सोळा खांदे, बत्तीस फुलं. आज सकाळी उमललेली.

पेनबुई : चुकून?

तुया : नाईलकाठी आमच्या तीन पिढ्या औषध देतायत. चुकून कुणी काही घातलेलं नाही.

(बाहेरचे ढोल थांबतात.)

हुनरो : पालखी हलली.

पेनबुई : मागे?

हुनरो : आडवी.

पेनबुई : आडव्याला अर्थच नाही. आजोबांच्या वेळेपासून देव आडवा गेलेला नाही.

तुया : ऊन तापलंय. सावली बघत असेल.

हुनरो : आईच्या दारात वाकले. आत शिरले. देवाला तिच्या चटईवर ठेवलं, आणि आठही जण शेजारी आडवे झाले.

पेनबुई : आता मी गावाला काय सांगू? देव पुढे आला की मागे सरला?

तुया : राहायला आला. हा ओरडतोय कोण?

हुनरो : काहा. 'माझ्या घरातून बाहेर व्हा' म्हणतोय.

पेनबुई : कुणाला?

हुनरो : भोई तर झोपलेत.

पेनबुई : म्हणजे देवाला? गावादेखत?

तुया : लागला तुझा कौल.

पेनबुई : आणि तू, हुनरो? तुला काय सांगायचंय देवाला?

हुनरो : काही नाही. ऊन उतरेपर्यंत निजू दे सगळ्यांना. मी पाणी भरून ठेवते.